पुनरावृत्तीची मोजणी

आमच्या बाबांना एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे नजर वळवायला वेळ लागतो, हे आम्हां घरच्यांच्या आधी त्यांच्या वर्गातल्या मुलांच्या लक्षात आले होते. गुरुजी फळ्याकडून मागच्या बाकाकडे बघतात तेव्हा आधी त्यांची मान वळते, मग पापण्या मिटतात आणि त्या उघडेपर्यंत डोळे कसेबसे तिथे पोहोचतात. तेवढ्या अवधीत शेजाऱ्याच्या वहीत डोकावून घेता येते, हे ज्ञान चौथीच्या पोरांनी एकमेकांना दिलेले होते. बाबा तेव्हा ४४ वर्षांचे होते. पुढच्या दोन वर्षांत त्यांची चाल बिघडली, फळ्यावरच्या ओळी उतरत्या होऊ लागल्या, बोलताना शब्द एकमेकांना चिकटू लागले, आणि गुरुजी पिऊन शाळेत येतात अशी लेखी तक्रार गावातल्या काही पालकांनी केली. सुपारीच्या खांडापलीकडे ज्याने कधी व्यसन केले नाही त्या माणसाला चौकशीला उभे राहावे लागले, हे सांगताना आईचा आवाज अजूनही चढतो.

२०१५ मध्ये पुण्यातल्या एका न्यूरॉलॉजिस्टनी बाबांना तपासले. त्यांनी बाबांच्या समोर एका हातात पेन आणि दुसऱ्या हाताचे बोट, असे दोन्ही हातभर अंतरावर धरले आणि सांगितले, “मास्तर, मान हलवायची नाही. मी पेन म्हणालो की पेनाकडे बघायचं, बोट म्हणालो की बोटाकडे.” आपली नजर अशा वेळी टुणकन उडी मारते. बाबांची नजर मात्र बैलगाडी चढाला लागावी तशी हळूहळू सरकत गेली. डॉक्टरांनी चार-पाच वेळा तसे केले, मग नाकाला बोट लावणे, टाचेला पाऊल जोडून चालणे वगैरे नेहमीच्या गोष्टी झाल्या; पण त्यांचे निदान पेन आणि बोटापाशीच झाले होते, असे मला तेव्हाही वाटले. नंतर त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरलेले नाही. तोल जाणे आणि नजर मंद होणे या दोन गोष्टी एकत्र असलेला आनुवंशिक आजार हा वेगळा आजार आहे, हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवले ते मुंबईच्या नोशिर वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी, १९७१ मध्ये, नऊ कुटुंबांचा अभ्यास करून. या आजाराचे जनुक सापडायला पुढे २५ वर्षे लागली. १९९६ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि जपान येथील तीन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले. आज त्याला स्पायनोसेरिबेलर अटॅक्सियाचा दुसरा प्रकार, किंवा थोडक्यात एससीए-२, म्हणतात.

एमआरआयमध्ये लहान मेंदू आक्रसलेला दिसला. मग रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि एक पानाचा अहवाल आला. त्यातल्या बाकीच्या मजकुरातून आम्हाला काही उमगले नाही. मधोमध ठळक अक्षरांत ‘एटीएक्सएन२ : २२/३८’ असे छापले होते, ते मात्र पाठ झाले. हा आजार बरा होत नाही, व्यायामाने आणि स्पीच थेरपीने दिवस सुसह्य करता येतात, आणि मुलांपैकी प्रत्येकाला तो येण्याची शक्यता निम्मी आहे, एवढे डॉक्टरांनी सांगितले. तो कागद मी प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये घातला आणि पुढची सात वर्षे त्या फाइलला हात लावला नाही.

हात लावला नाही म्हणजे विसरले असे नव्हे. मी एका पतसंस्थेत काम करते. आमच्या शाखेत फरशीची एक लांब सरळ जोडरेषा दारापासून कॅशच्या खिडकीपर्यंत जाते. रोज सकाळी कोणी नसताना मी त्या रेषेवरून पावलाला पाऊल लावून चालत असे, आणि एखादे दिवशी झोक गेला की दिवसभर माझ्या हातून बेरजा चुकत. जिन्यात ठेच लागली, चहा सांडला, जीभ अडखळली, की प्रत्येक वेळी आत कुठेतरी ३८ हा आकडा वाजत असे. आजार सुरू झाला नव्हता, पण त्याची वाट पाहण्याचे काम पूर्ण वेळ सुरू होते. लग्नानंतर दोन वर्षांनी, मुलाचा विचार करायची वेळ आली तेव्हा, नवरा एकदाच म्हणाला, “तू रेषेवरून चालणं थांबवशील असं काहीतरी करूया.” त्याला ते कधी दिसले होते, कोण जाणे. २०२२ च्या पावसाळ्यात आम्ही जनुकीय समुपदेशन असलेल्या एका मोठ्या रुग्णालयाची वेळ घेतली.

माझी समजूत अशी होती की रक्त द्यायचे आणि आठवड्याने अहवाल आणायचा. पहिल्या भेटीत रक्त घेतलेच नाही. समुपदेशक मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान असतील. त्यांनी एक कोरा कागद आडवा धरला, पेन्सिल घेतली आणि आमच्या घराण्याचे चित्र काढायला सुरुवात केली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ, आणि आजार असलेल्याचे चित्र आतून काळे. बाबांचा चौकोन त्यांनी काळा केला. “आजोबा?” त्यांनी विचारले. आजोबांना वात होता, असे मी सांगितले, कारण घरात तसेच म्हणत. ते काठीने चालायचे का, कितव्या वर्षापासून, जेवताना ठसका लागायचा का, बोलणे कळायचे का, असे एकेक विचारत त्यांनी आजोबांचा चौकोनही हलक्या हाताने काळा केला आणि बाजूला प्रश्नचिन्ह घातले. मग थोरली आत्या. ती आडात पडून गेली, एवढेच मला माहीत होते, “त्याआधी त्यांची चाल कशी होती?” या प्रश्नावर मी बराच वेळ गप्प बसले. संध्याकाळी आईला फोन केला तेव्हा कळले की आत्या भिंत धरून चालायची. ज्याला आम्ही अपघात, वात आणि नशीब म्हणत आलो त्या तीन गोष्टी एका कागदावर एकाखाली एक आल्या होत्या.

त्यानंतर मॅडमनी जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत लिहिते, कारण अहवालातल्या त्या दोन आकड्यांचा अर्थ मला सात वर्षांनी तिथे कळला.

माणसाच्या डीएनएच्या एका संचात सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात आणि अक्षरे चारच: ए, सी, जी आणि टी. मी आजवर समजत होते की एवढा मजकूर म्हणजे एवढी माहिती असणार. प्रत्यक्षात त्यातला साधारण निम्मा भाग पुनरावृत्तीचा आहे. आलू नावाचा सुमारे ३०० अक्षरांचा एक तुकडा एकटाच दहा लाखांहून अधिक ठिकाणी विखुरलेला आहे. गुणसूत्रांच्या मध्यभागी १७१ अक्षरांचा एक मजकूर हजारो वेळा पाठोपाठ येतो, आणि टोकांना टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे ओळीने लिहिलेली असतात. मानवी जनुकसंच वाचून झाल्याचे २००३ मध्ये जाहीर झाले, तरी हे एकसारखे पट्टे बऱ्याच अंशी वाचायचे राहूनच गेले होते, आणि ते भरून काढणारे काम २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. यात मला नवल वाटले नाही. खातेवहीत एकाच रकमेच्या पन्नास नोंदी ओळीने आल्या की कुठली ओळ वाचली आणि कुठली राहिली हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

या सगळ्या पुनरावृत्तीत एक लहानखोर जात आहे. दोन, तीन, चार अक्षरांचा तुकडा, लागोपाठ दहा-वीस वेळा. यातल्या बहुतेकांचा कुणाला काही त्रास नसतो; उलट, त्यांची संख्या माणसागणिक बदलते म्हणून गुन्हे तपासणाऱ्या प्रयोगशाळा त्यांचाच उपयोग करतात. कोर्टाच्या बातम्यांत आपण ज्याला डीएनए चाचणी म्हणतो ती बहुतेक वेळा चार-चार अक्षरांच्या अशा पुनरावृत्तींची मोजदाद असते, हेही मला तेव्हाच कळले. पण काही पुनरावृत्ती जनुकाच्या आत बसलेल्या असतात, आणि त्यांची संख्या एका मर्यादेपलीकडे गेली की आजार होतो. हंटिंग्टनचा आजार, मेंदूचाच आणखी एक आनुवंशिक आजार, असाच आहे. बाबांचाही.

बाराव्या गुणसूत्रावर एटीएक्सएन२ हे जनुक आहे. त्यात सीएजी ही तीन अक्षरे ओळीने येतात, तुमच्यात येतात, माझ्यात येतात, हे वाचणाऱ्या प्रत्येकात येतात. बहुतेक माणसांत त्यांची संख्या २२ असते. ३१ पर्यंत आजार होत नाही. ३३ पासून होऊ शकतो. आणि रुग्णांमध्ये सर्वांत जास्त वेळा आढळणारे आकडे ३७ ते ३९ या दरम्यानचे असतात. प्रत्येक सीएजीमागे प्रथिनात ग्लुटामाइनचा एक मणी ओवला जातो, आणि मणी जास्त झाले की ते प्रथिन बिघडते आणि लहान मेंदूतल्या मोठ्या पेशी हळूहळू मरत जातात. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. बाबांची एक प्रत २२ ची, दुसरी ३८ ची. मला त्यांतली कुठली तरी एकच मिळालेली होती, माझ्या जन्माच्याही नऊ महिने आधी.

“पण २२ चे ३८ होतात कसे?” मी विचारले. मॅडमनी एक गोष्ट दाखवली आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम आजीची वही आली.

आजी रामनाम लिहायची. शंभर पानी आखीव वही, प्रत्येक ओळीत ‘श्रीराम जय राम जय जय राम’, निळ्या शाईत. ठरावीक ओळी झाल्या की एक ओळ ती लाल शाईत लिहायची. नाव तेच, रामाला दोन्ही शाया सारख्याच, पण लाल ओळीमुळे तिला आपण कुठवर आलो ते कळायचे. मॅडमनी कागदावर लिहून दाखवलेली निरोगी २२ ची रांग अगदी अशी होती: आठ सीएजी, मग एक सीएए, मग चार सीएजी, पुन्हा एक सीएए, पुन्हा आठ सीएजी. सीएए या अक्षरांमधूनही ग्लुटामाइनच तयार होतो, म्हणजे प्रथिनाच्या दृष्टीने काहीच फरक नाही. पण डीएनएची नक्कल उतरवताना त्या दोन वेगळ्या ठिकाणांमुळे रांग जागेवर राहते. आजार असलेल्या प्रतीत बहुधा हे सीएए नसतातच. नुसते सीएजी, सीएजी, सीएजी. मग नक्कल करताना धागा घसरतो, एखादा फुगा वर निघतो आणि एकाऐवजी दोन-तीन तुकडे जास्त लिहिले जातात. आजीच्या शेवटच्या वर्षांत तिला लाल-निळे ओळखू येईना, तेव्हा तिच्याही वह्यांत असेच झाले होते. किती झाले ते आठवेना, आणि कमी पडण्यापेक्षा जास्त बरे, म्हणून ती आणखी चार ओळी लिहून मोकळी व्हायची. उपमा इथेच थांबते. आजीच्या जास्तीच्या ओळींनी कुणाचे वाईट झाले नाही.

एकदा मर्यादा ओलांडलेली रांग पुढच्या पिढीत जाताना आणखी लांबू शकते, आणि वडिलांकडून जाताना ही वाढ मोठी असण्याचा संभव अधिक. रांग जितकी लांब तितका आजार साधारणपणे लवकर येतो. आजोबांना पन्नाशीनंतर, बाबांना ४४ व्या वर्षी. मी तेव्हा ३२ वर्षांची होते. मी मनातल्या मनात वजाबाकी केली ती मॅडमना दिसली असावी. आकड्यावरून नेमके वय सांगता येत नाही, हे त्यांनी लगेच, न विचारता सांगितले.

मग त्यांनी मला विचारले, “तुम्हाला हे कशासाठी जाणून घ्यायचं आहे?” मी तयार उत्तर दिले: मूल. त्यावर त्या म्हणाल्या, की मुलासाठीच असेल तर गर्भधारणेच्या आधी वा नंतर करायच्या चाचण्यांचे मार्ग वेगळे आहेत, त्यांबद्दलही बोलू. पण निकाल आल्यावर तो फक्त मुलाच्या बाबतीत खरा ठरणार नाही, तो तुमच्या प्रत्येक सकाळी खरा असेल, आणि एकदा कळलेले पुन्हा न कळलेले करता येत नाही. महिनाभर विचार करा, त्यांनी सांगितले. मला राग आला. सात वर्षे विचारच करत होते की मी. आता वाटते, ती सात वर्षे मी भीत होते. विचार त्या महिन्यात केला.

त्या महिन्यात धाकट्या भावाशी बोलले. तो चाकणला एका कारखान्यात आहे, २७ वर्षांचा. गणपतीत गावी आलो होतो तेव्हा विहिरीच्या कट्ट्यावर बसून मी त्याला सगळे सांगितले, काळे-पांढरे चौकोन, २२, ३८, सगळे. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “तायडे, तुला करायचं ते कर. मला काय ते सांगू नको, आणि कर म्हणूही नको. मला माहीत नसलेलंच बरं चाललंय.” मला ते तेव्हा पळपुटेपणाचे वाटले आणि मी तसे बोललेही. हे मी मॅडमना सांगितले तेव्हा त्यांनी माझी बाजू घेतली नाही. जाणून घेण्याचा हक्क जेवढा तुमचा, तेवढाच न जाणून घेण्याचा हक्क त्यांचा, असे त्या म्हणाल्या. आणि जनुकीय आजाराच्या छायेतले कितीतरी लोक, सगळी माहिती असूनही, चाचणी न करण्याचाच निर्णय घेतात.

दुसऱ्या भेटीत मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांचा एकच प्रश्न माझ्या लक्षात राहिला: निकाल नको तसा आला, तर त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता तुम्ही कुठे असाल, आणि तुमच्याबरोबर कोण असेल? मी म्हणाले, साताऱ्याच्या गाडीत, नवऱ्याबरोबर. “गाडी नको,” ते म्हणाले, “त्या रात्री पुण्यातच राहा.” इतका साधा सल्ला मला कुणी दिला नव्हता. मग संमतिपत्र. रक्त दिल्यानंतरही, अहवाल तयार झाल्यानंतरही, निकाल ऐकायला न येण्याची मोकळीक त्यात लिहिलेली होती. निकाल फोनवर किंवा ईमेलवर मिळणार नाही, हेही होते. दंडातून रक्त काढायला तीन मिनिटे लागली. जांभळ्या टोपणाच्या दोन छोट्या नळ्या, त्यांवर नावाऐवजी क्रमांक.

बाबांचा जुना अहवाल दुसऱ्या प्रयोगशाळेतला होता, म्हणून तुलनेसाठी त्यांचेही ताजे रक्त हवे होते. हे सांगायला मला गावी जावे लागले. बाबा ओसरीवर बसले होते. मी काय करायला निघाले आहे हे त्यांना आईकडून कळले होतेच. त्यांनी बाही वर केली; हात थरथरत होता म्हणून आईने मनगट धरले. तालुक्याहून आलेल्या मुलाने सुई टोचली तेव्हा बाबा अडखळत, पण स्पष्टपणे म्हणाले, “चौकशी कुठलीही असू दे... साक्ष माझीच.” आई हसली, आणि मग आत निघून गेली.

तीन आठवड्यांनी निकालाची तारीख होती. तिच्या दोन दिवस आधी मॅडमचा फोन आला. अहवालाला आणखी दोन आठवडे लागतील, प्रयोगशाळेला एक पायरी वाढवावी लागली आहे. याचा अर्थ चांगला किंवा वाईट असा काही काढू नका, असे त्यांनी सावकाश, शब्द तोलून सांगितले. मी अर्थ काढला. रांग इतकी लांब असणार की त्यांना मोजता येत नाही, असा. त्या दोन आठवड्यांत मी फरशीच्या रेषेवरून दिवसातून दहा वेळा चालले असेन. खरे कारण काय होते ते कळल्यावर मला हसूही आले आणि संतापही. ते पुढे सांगते.

निकालाच्या दिवशी मॅडमनी दार लावले, आम्ही खुर्च्यांवर टेकायच्या आतच पाकिटातून कागद काढला आणि पहिलेच वाक्य उच्चारले: “तुमच्यात विस्तार आढळलेला नाही.” म्हणजे माझ्यात लांबलेली रांग नव्हती. नंतर कळले की असे लगेच सांगायची पद्धतच आहे, ‘कशा आहात, प्रवास कसा झाला’ यात माणसाला लटकत ठेवायचे नाही. नवरा रडू लागला. मला काहीच झाले नाही. मी विचारले, “मग दोन आठवडे का लागले?” त्यांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला.

प्रयोगशाळा सीएजी एकेक करून वाचत नाही. त्या रांगेच्या दोन्ही बाजूंना खुणा पकडून मधल्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढतात, त्या एका केसाएवढ्या नळीतून पळवतात आणि किती वेळात पोहोचतात त्यावरून लांबी ठरवतात. आखूड तुकडा आधी, लांब तुकडा मागाहून. बाजूच्या खुणांची लांबी वजा करून उरलेल्या लांबीला तीनने भागले की संख्या. पडद्यावर ते शिखरांसारखे दिसते. बाबांच्या आलेखात दोन शिखरे होती: डावीकडे २२ चे, टोकदार, आणि उजवीकडे दूर ३८ चे, जरा बुटके, त्याच्या डाव्या अंगाला कंगव्याच्या दात्यांसारखी लहान लहान शिखरे. ते दाते कसले, असे मी विचारले. नळीत नक्कल करतानाही रांग घसरते, एक-दोन तुकडे कमी पडतात, त्याच्या त्या खुणा, असे मॅडम म्हणाल्या. शरीरात होते तशी घसरण त्या यंत्रातही होते आणि रांग जितकी लांब तितकी जास्त होते, हे पाहून मी काही क्षण त्या दात्यांकडेच बघत राहिले. माझ्या वडिलांची सगळी अडखळ तिथे एवढीशी होऊन उभी होती.

माझ्या आलेखात एकच शिखर होते. २२ वर.

एकच, आणि अडचण तिथेच होती. आईकडून २२ आणि बाबांकडूनही २२ आले असतील तर दोन्ही शिखरे एकावर एक बसतात आणि एकच दिसते. २२ हा आकडा इतका सर्रास आहे की हे वरचेवर घडते. पण दुसरी प्रत काही कारणाने प्रक्रियेच्या हाती लागलीच नाही, तरीही एकच शिखर दिसते. दोन्ही चित्रे सारखीच. अंदाजाने ‘आजार नाही’ असे लिहायचे नाही, हा प्रयोगशाळेचा नियम. म्हणून त्यांनी रांगेच्या आतूनच पकड घेणारी दुसऱ्या प्रकारची चाचणी केली. तिच्यात लांब रांग कुठे दडलेली असली तर शिखरांची मालिका उतरत उतरत लांबवर जात राहते. माझी मालिका थोड्याच अंतरावर थांबली होती. शिवाय तिच्यात मध्ये दोन ठिकाणी शिखरे अचानक खाली बसून खंड पडला होता. मॅडमनी पेनाच्या टोकाने तिथे बोट ठेवल्यासारखे केले. “हे तुमचे सीएए.” आजीच्या लाल ओळी.

त्या रात्री आम्ही पुण्यातच राहिलो, ठरल्याप्रमाणे, जरी आता त्याचे काही कारण उरले नव्हते. मला झोप आली नाही. आनंद होत होता असे म्हणवत नाही. ओझे काढल्यावरही खांदा काही काळ वाकलेलाच राहतो तसे काहीसे, आणि त्याखाली धाकट्याबद्दलची एक लाज, जणू त्याच्या ताटातले मी उचलले होते. ही लाज अडाणीपणाची होती हे मला कळत होते. माझी चिठ्ठी निघाली म्हणून त्याच्या चिठ्ठीत काहीही बदललेले नव्हते. त्याची शक्यता काल निम्मी होती आणि आजही निम्मीच. पण नातेवाइकांत हा हिशेब कुणालाच पटत नाही. “एकीला नाही, म्हणजे आता...” एवढे बोलून आमची एक काकू थांबली, आणि तिने दोन पोरांत एक आजार वाटून टाकला. मी तिला नाणेफेकीपासून समजावले. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी आईला फोन करून तेच पुन्हा म्हणाली.

धाकट्याला मी काही सांगितले नाही. दिवाळीला तो घरी आला, माझ्या चेहऱ्याकडे एकदा बघितले आणि म्हणाला, “कळलं.” थोड्या वेळाने विचारले, “त्या कागदावर माझं काही नाही ना?” मी म्हणाले, “नाही. तुझं त्यात काहीच येत नाही.” त्याने आकाशकंदिलाची वायर जोडायला घेतली.

बाबांना मी अहवाल आणि घराण्याच्या चित्राची झेरॉक्स दाखवली. माझ्या वर्तुळाखाली मॅडमनी आता ‘२२/२२’ असे लिहिले होते. बाबांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत, मान वळवत, पापणी मिटत, ते वरपासून खालपर्यंत आले. आजोबांवर थांबले, आत्यावर त्याहून जास्त वेळ थांबले. माझ्या आकड्यावर दोनदा बोट आपटले. मग शेजारच्या रिकाम्या चौकोनावर आले. “ह्याचं?” त्यांनी विचारले. त्याने विचारलेले नाही, मी म्हणाले. बाबांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग कागदाची घडी घालायला माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “फाइलीत वर... ठेव. मागितला तर... शोधायला लागू नये.”